उजवीकडची खुर्ची : अपघात-अहवालांत सहवैमानिक कधी दिसू लागतो?

संशोधनाची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न नेहमी येतो. सरकारी अहवाल हे इतिहासाचं साधन म्हणून वाचायचे कसे? ते तर रुक्ष असतात, पानं शेकड्यांनी असतात, आणि शेवटी एका परिच्छेदात निष्कर्ष दिलेला असतो. माझं उत्तर असं, की त्या शेवटच्या परिच्छेदापासूनच सुरुवात करा. त्यात कर्ता कोण आहे ते बघा, म्हणजे शाळेतल्या व्याकरणातला कर्ता. आज चार विमान-अपघातांच्या अहवालांतली कारण सांगणारी वाक्यं घेऊन हे करून बघू. चारही अपघात विमान उतरताना झालेले आहेत. पहिला आपल्या जुन्नरच्या डोंगरातला आहे, शेवटच्यात कॅप्टन मराठी होते, आणि मधल्या एका चौकशीचे प्रमुखही मराठी होते.

एक माहिती आधी देतो, पुढे लागेल. कॉकपिटमध्ये डावीकडच्या खुर्चीत कॅप्टन बसतो, उजवीकडच्या खुर्चीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे आपण ज्याला सहवैमानिक म्हणतो तो. दोघंही पूर्ण प्रशिक्षित वैमानिक असतात. एका उड्डाणात एक जण विमान चालवतो, दुसरा वेग, उंची, रेडिओ यांवर लक्ष ठेवतो. या दुसऱ्याला पूर्वी ‘न चालवणारा वैमानिक’ म्हणत, आता ‘पायलट मॉनिटरिंग’ म्हणजे ‘लक्ष ठेवणारा वैमानिक’ म्हणतात. नावातला हा बदलसुद्धा इतिहासच आहे. आधी तो काय करत नाही यावरून त्याची ओळख होती, नंतर काय करतो यावरून झाली.

आता जुन्नर. ओझरच्या एचएएलमुळे आम्हा नाशिककरांना विमानांचं अप्रूप नाही, पण नाशिक-पुणे रस्त्याने नेहमी जाणाऱ्यांनाही ही गोष्ट फारशी ठाऊक नसते. नारायणगावला उजवीकडे वळलं की जुन्नर. त्या डोंगराळ भागात ७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्र उलटून काही मिनिटं झाली असताना, अलितालिया कंपनीचं डीसी-८ जेट आदळलं. विमान सिडनीहून निघालं होतं, बँकॉकवरून मुंबईला येत होतं आणि पुढे रोमला जायचं होतं. विमानातले ९४ च्या ९४ लोक गेले. मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर नैर्ऋत्येला होती, आणि विमान सुमारे ३६०० फूट उंचीच्या डोंगरावर, माथ्याच्या अगदी जवळ, धडकलं. काही फूट वर असतं तर कदाचित निसटलं असतं. जुलैची रात्र, पावसाळी ढग आणि खाली सह्याद्रीची रांग. त्याआधी १९४९ च्या जुलैतच केएलएमचं कॉन्स्टेलेशन विमान मुंबईत उतरताना घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं होतं. पावसाळ्यातली मुंबई वैमानिकांसाठी सोपी नव्हती.

१९६२ च्या चौकशीने काढलेलं कारण थोडक्यात असं : दिशादर्शनातल्या चुकीमुळे वैमानिकाला आपण मुंबईच्या खूप जवळ आलो आहोत असं वाटलं, म्हणून त्याने वेळेआधी उंची कमी केली. सोबतची कारणं अशी, की उपलब्ध साधनं वापरून त्याने आपली नेमकी जागा पडताळली नाही, ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची पाळली नाही आणि मार्गावरचा भूप्रदेश त्याच्या ओळखीचा नव्हता. इथे कर्ता कोण आहे? ‘वैमानिक’, एकवचनी. त्या कॉकपिटमध्ये एकटा माणूस खचितच नव्हता. त्या काळच्या लांब पल्ल्याच्या जेटमध्ये दोन वैमानिक असत, शिवाय फ्लाइट इंजिनीअर असे. पण कारणाच्या वाक्यात ते नाहीत. उजवीकडची खुर्ची जणू रिकामीच.

इथे घाईने ‘त्या काळी कॅप्टनशाही होती’ असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. थांबा. आधी विचारा की चौकशी करणाऱ्यांच्या हातात साधन कोणतं होतं. जमिनीवरच्या नियंत्रकाशी रेडिओवर झालेलं बोलणं, आणि डोंगरावरचे अवशेष. कॉकपिटच्या आत कोण कोणाला काय म्हणालं, हे ऐकण्याची सोय तिथे नव्हती. ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉरन या शास्त्रज्ञाने पन्नासच्या दशकात कॉकपिटमधला आवाज टिपणारं यंत्र बनवलं होतं. १९६० मध्ये क्वीन्सलँडमधल्या मकायजवळ फोकर विमान समुद्रात पडल्यावर त्याच देशाने ते सर्वात आधी सक्तीचं केलं. बाकी जगात ते पसरायला वेळ लागला. म्हणजे १९६२ चा एकवचनी ‘वैमानिक’ हा त्या काळच्या मानसिकतेचा पुरावा असेलही, पण आधी तो साधनांच्या मर्यादेचा पुरावा आहे. सहवैमानिक गप्प होता की ओरडत होता, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. साधनातली शांतता आणि माणसाची शांतता यांची गल्लत करू नका. माझ्या मते नव्या संशोधकाचा पाय सर्वात जास्त इथेच घसरतो.

पुढची पंधरा-वीस वर्षं भराभर सांगतो, कारण हा भाग इंग्रजीत भरपूर लिहिला गेला आहे. १९७७ मध्ये टेनेरीफच्या धावपट्टीवर दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. केएलएमच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनीअरने ‘ते विमान अजून धावपट्टीवरच नाही ना’ अशा अर्थाची शंका काढली होती, कॅप्टनने ती उडवून लावली. १९७८ च्या डिसेंबरात अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेडचं विमान चाकांचा बिघाड तपासत घिरट्या घालता घालता इंधन संपून पडलं. इंधन कमी होतंय हे बाकी दोघांना कळत होतं, पण कॅप्टनच्या कानात शिरेल असं ते बोलले नाहीत. हे आपल्याला ठाऊक आहे ते रेकॉर्डरमुळेच. १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली, १९८१ मध्ये युनायटेडने वैमानिकांसाठी अभ्यासक्रम सुरू केला, आणि ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ किंवा सीआरएम हा शब्द रुळला. मुळात तो ‘कॉकपिट रिसोर्स मॅनेजमेंट’ होता. १९८१ मध्येच अमेरिकेने दहा हजार फुटांखाली कामाव्यतिरिक्त गप्पा मारायला बंदी केली. १९७४ मध्ये शार्लट इथे उतरताना पडलेल्या विमानातले वैमानिक शेवटच्या मिनिटांपर्यंत इकडच्या तिकडच्या गप्पांत होते, त्यातून आलेला हा नियम.

आता पुन्हा आपल्याकडे. १९ ऑक्टोबर १९८८, पहाटे मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ अहमदाबादला धावपट्टीच्या अलीकडे कोसळलं. १३५ पैकी दोघेच वाचले. हवेत धुरकं होतं. दोघंही वैमानिक डोळे ताणून धावपट्टी शोधत राहिले आणि उंची दाखवणाऱ्या काट्याकडे लक्ष राहिलं नाही. ठरावीक उंचीला मोठ्याने पुकारा करायचा असतो, तोही झाला नाही. कारणाचं वाक्य असं, की खराब दृश्यमानतेत ठरलेली कार्यपद्धती न पाळल्यामुळे मुख्य वैमानिकाची ‘तसेच सहवैमानिकाची’ चूक. आपण घेतलेल्या चार अहवालांत उजवीकडची खुर्ची वाक्यात पहिल्यांदा येते ती अशी, आरोपी म्हणून. ‘तसेच’ या शब्दाने तिला मागे जोडून घेतलं आहे. दोघांची चूक एकच. सहवैमानिकाचं वेगळं काम काय होतं, हे वाक्य सांगत नाही.

ते सांगायला २०१० उजाडावं लागलं. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या टेबलटॉप धावपट्टीवरून पुढे दरीत गेलं. १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले. त्यांचा अहवाल प्रत्येकाने एकदा तरी वाचावा, विषय विमानाचा नसला तरी.

त्यातले आकडे आधी भौतिकशास्त्राच्या नजरेने बघू, मला ती सवय आहे. विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून खाली येतं आणि धावपट्टीच्या टोकावरून सुमारे ५० फुटांवरून जातं. मंगळूरला ते सुमारे २०० फुटांवर होतं. वेग १४४ नॉट हवा होता, तो १६० च्या वर होता. दीडशे फूट जादा म्हणजे कागदावर किरकोळ वाटतं. पण तीन अंशांच्या उतारावर ती उंची संपवायला जवळपास २९०० फूट आडवं अंतर लागतं. आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, म्हणजे १४४ ऐवजी १६० असेल तर सुमारे २३ टक्के जास्त. ही सगळी ऊर्जा ब्रेकने संपवायची. धावपट्टी ८०३३ फुटांची, आणि चाकं टेकली सुमारे ५२०० फुटांवर. म्हणून नियम असा असतो की एका ठरावीक उंचीपर्यंत विमानाचा वेग, उतार आणि दिशा स्थिर झाली नसेल, तर उतरायचा विचार सोडून पुन्हा वर जायचं. यालाच ‘गो अराउंड’ म्हणतात. यात कमीपणा काही नाही, थोडं इंधन जातं आणि दहा-पंधरा मिनिटं उशीर होतो.

मंगळूरच्या सहवैमानिकाने तीन वेळा गो अराउंडचा इशारा दिला. विमानातली स्वयंचलित यंत्रणाही इशारे देत होती. कॅप्टनने उतरणं चालूच ठेवलं. टेकल्यावर थ्रस्ट रिव्हर्सर लावले आणि मग पुन्हा उड्डाणाचा प्रयत्न केला. रेकॉर्डरवर दोन तास पाच मिनिटांचा आवाज होता, आणि त्यातला सुमारे १ तास ४० मिनिटं कॅप्टन झोपेत होते हे त्यावरून समजलं. रेकॉर्डर जुन्या पद्धतीचा, अर्ध्या तासाचा असता तर झोपेची ही लांबी कोणालाच कळली नसती. साधन बदललं की कारण बदलतं, हा मघाचाच मुद्दा.

गोखले यांच्या अहवालात थेट कारण म्हणून कॅप्टनचंच नाव येतं, पण वाक्याची रचना वेगळी आहे. फर्स्ट ऑफिसरच्या तीन इशाऱ्यांना न जुमानता कॅप्टनने अस्थिर उतरणं थांबवलं नाही, असं ते आहे. उजवीकडची खुर्ची आता साक्षीदार आहे, आणि बरोबर बोलणारी साक्षीदार. पण माझ्या दृष्टीने खरं वाक्य त्याखाली, सहायक कारणांत आहे. सहवैमानिकाला गो अराउंड करण्याचा अधिकार देणाऱ्या वेगवेगळ्या सूचनांमध्ये संदिग्धता होती, आणि बहुधा त्यामुळे त्याने वारंवार सांगितलं, पण नियंत्रण स्वतःच्या हातात घेतलं नाही. म्हणजे गेल्या तीस वर्षांत जगभरच्या अभ्यासक्रमांनी सहवैमानिकाला ‘बोल’ असं शिकवलं होतं, आणि हा बोलला. तीनदा बोलला. प्रश्न तिथून पुढचा होता. बोलूनही ऐकलं नाही तर काय? मंगळूर हे अवघड विमानतळांपैकी एक, तिथे उतरण्याचं काम कॅप्टननेच करायचं असा दंडक होता. जिथे स्वतः उतरण्याचीच मुभा नाही, तिथे ऐन वेळी दुसऱ्याच्या हातातून विमान काढून घ्यायचं, हे त्या माणसाच्या मनात सहज कसं येणार? हा शेवटचा प्रश्न माझा आहे, अहवालाचा नव्हे.

बोलण्याबद्दल थोडं विषयांतर करतो. उटे फिशर आणि ज्युडिथ ओरासानू या संशोधिकांनी वैमानिकांच्या भाषेचा अभ्यास केला. त्यात दिसलं की चूक दुसऱ्याची असेल तर कॅप्टन सरळ आज्ञा देतात, सहवैमानिक सूचक बोलतात. मराठीत आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. ‘चूक आहे’ हे वरच्या माणसाला सांगायचं असेल तर आपण म्हणतो, ‘सर, एकदा बघून घ्यायचं का?’ त्यातलं ‘एकदा’, ‘घ्यायचं’ आणि शेवटचं ‘का’ ही तिन्ही कुशनं आहेत. पीएचडीच्या मुलाखतीला बसणाऱ्यांनी हे वाक्य मनातल्या मनात किती वेळा जुळवलं असेल! कॉकपिटमध्ये १६५ नॉटच्या वेगाने विमान दर सेकंदाला पावणेतीनशे फुटांच्या वर धावपट्टी मागे टाकतं. तिथे असं गुळगुळीत वाक्य बोलून होईपर्यंत सातआठशे फूट गेलेले असतात.

मंगळूरनंतर दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला, कोझिकोड. तीच कंपनी, तसंच बोइंग ७३७, दुबईहूनच आलेलं, पुन्हा टेबलटॉप धावपट्टी. करोनाच्या काळात परदेशी अडकलेल्यांना आणणारं वंदे भारत मोहिमेतलं उड्डाण. विमानात १९० जण होते, २१ गेले, त्यांत दोन्ही वैमानिक. कॅप्टन होते दीपक वसंत साठे. नागपूरचं कुटुंब, खडकवासल्याच्या एनडीएचे विद्यार्थी, हवाई दलातले माजी विंग कमांडर आणि चाचणी वैमानिक, दहा हजारांहून अधिक तासांचा अनुभव. सहवैमानिकाचा अनुभव सुमारे दोन हजार तासांचा.

अपघातानंतरच्या दिवसांत मराठी घराघरांत साठेंच्या शौर्याबद्दल संदेश फिरले. विमानाला आग लागू दिली नाही, प्रवासी वाचवले, असं बरंच काही. वर्षभराने, सप्टेंबर २०२१ मध्ये, विमान अपघात तपास विभागाचा म्हणजे एएआयबीचा अहवाल आला आणि गोष्ट उलटी फिरली. पाऊस होता. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला आणि त्यांनी नियमाप्रमाणे विमान वर नेलं. दुसऱ्या प्रयत्नात ते उलट्या बाजूने, १० क्रमांकाच्या धावपट्टीवर आले, म्हणजे वारा पाठीमागून. उतरण्याचा दर मर्यादेबाहेर जात राहिला. ८८५८ फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ती ४४३८ फुटांवर, म्हणजे बरोबर निम्म्यावर. सहवैमानिकाने उतरण्याच्या दराकडे लक्ष वेधलं होतं. मग हळू आवाजात, आडून, पुन्हा सुचवलं. ‘गो अराउंड’ हा स्पष्ट शब्द आला तो टेकण्याच्या अगदी आधी.

आणि कारणाचं वाक्य? चालवणाऱ्या वैमानिकाने कार्यपद्धती पाळली नाही, लक्ष ठेवणाऱ्याने गो अराउंड म्हटल्यावरही अस्थिर उतरणं चालू ठेवलं, ‘आणि’ लक्ष ठेवणाऱ्या वैमानिकाने नियंत्रण हाती घेऊन गो अराउंड केलं नाही. इथे उजवीकडची खुर्ची मुख्य कारणात आली, स्वतःच्या स्वतंत्र क्रियापदासह. १९६२ मध्ये ती नव्हती, १९८८ मध्ये ‘तसेच’ होती, २०१० मध्ये साक्षीदार होती आणि तिची असमर्थता सहायक कारणांत समजून घेतली गेली. २०२० च्या अपघातात तिने जे केलं नाही तेच मृत्यूचं कारण ठरलं.

हा बदल प्रगती आहे का? एका अर्थाने आहे. दुसऱ्या वैमानिकाला खरोखरच वैमानिक मानलं की त्याच्याकडे जबाबदारीही येते. पण मला हे वाक्य खटकतं, आणि का ते सांगतो. त्याच अहवालात पुढे लिहिलं आहे की कॉकपिटमधली अधिकाराची उतरंड तीव्र होती आणि कंपनीचं सीआरएम प्रशिक्षण परिणामकारक नव्हतं. परिस्थिती गंभीर आहे हे पुरतं कळत असूनही सहवैमानिकाने विमान हाती घेतलं नाही, याचं कारण अहवाल तिथेच शोधतो. कोझिकोडच्या तळावर फर्स्ट ऑफिसर २६ आणि कॅप्टन एकच नेमलेला, हीही नोंद त्याच अहवालात आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कॅप्टनला तिथून पुढचं उड्डाण घ्यायचं होतं, त्यामुळे काहीही करून तिथेच उतरण्याची ओढ होती, असं चौकशी म्हणते. हे सगळं सहायक कारणांत. मुख्य वाक्यात मात्र दोन माणसं, आणि दोघंही हयात नाहीत. माणसं वर आणि व्यवस्था खाली, हा क्रम वस्तुस्थितीने आपोआप ठरवलेला नाही, तो कोणीतरी लिहिताना ठरवलेला आहे. आंतरराष्ट्रीय नियमांचं परिशिष्ट १३ सांगतं की अशा चौकशीचा हेतू दोष ठरवणं हा नसतो. पण वर्तमानपत्रं वरचंच वाक्य उचलतात, आणि घराघरांत तेच पोचतं.

साठेंबद्दलही हेच. आधीचा ‘वीर’ आणि नंतरचा ‘दोषी’ ही दोन्ही चित्रं १९६२ च्या त्या एकवचनी ‘वैमानिका’कडे परत जातात. एकच माणूस, त्याचंच कर्तृत्व किंवा त्याचीच चूक. त्या तळावरचा एकमेव कॅप्टन, बिघडलेला वायपर, पाठीमागचा वारा आणि शेजारी बसून अडखळत बोलणारा तरुण सहकारी यांना त्या दोन्ही चित्रांत जागा नाही.

यावर काम करायचं असेल तर गोखले समितीचा आणि कोझिकोडचा, हे दोन अहवाल शेजारी ठेवून सुरुवात करा. एक सावधगिरी बाळगा. पहिला जुन्या नियमांखालच्या चौकशी न्यायालयाचा आहे, दुसरा २०१२ मध्ये स्थापन झालेल्या एएआयबीचा, त्यामुळे लिहिणारी संस्थाच वेगळी आहे. वाक्यातला फरक थेट ‘काळाचा बदल’ म्हणून मांडता येणार नाही, संस्थेचा हिशेब आधी करावा लागेल. मग रेकॉर्डरच्या नोंदींत वेळा बघा. मंगळूरच्या सहवैमानिकाने तीनदा सांगितलं. कोझिकोडच्या सहवैमानिकाचा स्पष्ट शब्द आणि चाकं टेकणं यांत इतकं कमी अंतर आहे की त्या अवधीत दुसऱ्याच्या हातातलं नियंत्रण घेऊन, थ्रॉटल पुढे ढकलून विमान वर नेणं प्रत्यक्षात शक्य होतं का, की ती संधी त्याआधीच्या आडून बोलण्यात निघून गेली होती, हे सेकंदासेकंदाने मांडून बघायला हवं. मी सध्या तेच करतो आहे.